आपल्याला गाव का नाही? (ताईंच्या प्रतिक्रियेला उत्तर)

ताई, तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली, लगेच उत्तर लिहायला बसले आणि दोनदा खोडलं, कारण तुम्ही लिहिलंय ते घाईत उडवून लावण्यासारखं नाहीये. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. प्राणी, घर आणि गाव यांवरची मुलांची पुस्तकं कशी निवडायची यावर मी गेल्या महिन्यात लिहिलं होतं. त्यावर ताईंचं म्हणणं असं की तुमच्या यादीतल्या प्रत्येक पुस्तकात मूल मे महिन्यात गावी जातं, आजी ओसरीवर वाट बघत असते, गोठ्यात गाय, झाडाला आंबे; आमच्या चार पिढ्या लालबागच्या चाळीत गेल्या, गावची जमीन कधीच गेली, मुलगा विचारतो आपल्याला गाव का नाही, त्याला काय सांगू? आणि दुसरं, बकरी विकतात ते पुस्तक तुम्ही सहा वर्षांच्या मुलांसाठी सुचवलंत, आमचा मुलगा रडत झोपला आणि सकाळी उठल्या उठल्या विचारलं, ती परत येईल ना?

बकरीचं आधी घेते, कारण तिथे चूक माझीच आहे. वय मी पानं आणि अक्षरांचा आकार बघून टाकलं होतं, मोठी अक्षरं, कमी मजकूर म्हणून सहा वर्षं. गोष्ट पेलण्याचं वय वेगळं असतं. तुमच्या मुलाला त्रास झाला, त्याबद्दल मनापासून सॉरी. पण पुस्तक मी यादीतून काढणार नाहीये. बकरी हा घरातला पैसा असतो, छप्पर गळायला लागलं की ती बाजारात जाते, आणि जिने तिला पाला खायला घातला तीच पोरगी दोरी सोडून देते, हे त्या पुस्तकाने एक शब्द गोड न करता सांगितलंय. सगळं सगळ्या वयाला नाही चालत हे मात्र खरं. व्यंकटेश माडगूळकरांचं 'सत्तांतर' मला जीव की प्राण आहे, वानरांच्या टोळीतली सत्तेची मारामारी, त्याला 1983 चा साहित्य अकादमी पुरस्कारही मिळाला, पण ते मी बारा-तेराच्या आत कुणाच्या हातात देत नाही.

आता गावाचं. यादी परत काढून बघितली आणि तुमचं पटलं. ती सगळी सुट्टीतली गावं आहेत, पंधरा दिवसांसाठी आलेल्या पाहुण्याला दिसतात तशी. आजी लाडू करते, आजोबा झोपाळ्यावर, गाय नुसती उभी, शेण कुणी काढत नाही, वैरण कुणी आणत नाही, नांगराला बैल जुंपलेत तर त्यांच्यामागे माणूस कोण ते चित्रात पाठमोरं. ज्या गावात कुणी कामच करत नाही ते मुलाला परीकथेतल्या राजवाड्यासारखं वाटणार आणि मग राजवाडा आपल्याकडे का नाही हे तो विचारणारच.

एक प्रसंग सांगते. जोगेश्वरीला एका शाळेत मी शनिवारी गोष्टी वाचायला जाते. एकदा एक भाषांतरित पुस्तक नेलं होतं, गुळगुळीत कागद, झकास रंग, काळ्यापांढऱ्या ठिपक्यांची गाय आणि तीन पायांच्या स्टुलावर बसून धार काढणारी बाई. एक सात वर्षांचा मुलगा, त्याचे वडील तिथल्याच म्हशींच्या तबेल्यात कामाला, तो उठून पुढे आला, चित्रावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "टीचर, हिचं पिल्लू कुठाय? पिल्लू नाय तर म्हैस दूध नाय सोडत." मग त्याने करून दाखवलं, रेडकू आधी कसं लावतात, म्हैस पान्हा सोडते, मग रेडकू बाजूला बांधायचं आणि उकिडवं बसून गुडघ्यांत बादली धरायची. अख्खा वर्ग उकिडवा बसला होता ताई! त्या दिवशी ते पुस्तक पुढे वाचलंच नाही.

तेव्हापासून मी दुकानात पुस्तक उचललं की आधी हे बघते की लिहिणाऱ्याने आणि चित्र काढणाऱ्याने ते जनावर कधी जवळून बघितलंय का. साधं सांगायचं तर कोकीळ. कुहूकुहू करतो तो नर, काळाकुळकुळीत, लाल डोळ्यांचा. मादी तपकिरी, अंगभर ठिपके. पण किती पुस्तकांत 'कोकिळाताई' काळी आणि गाणारी! सुगरणीचं तेच, खोपा नर विणतो आणि मादी येऊन पसंत करते. बहिणाबाईंच्या ओवीत सुगरण पिलांसाठी खोपा बांधते ती आई आहे, आणि तिथे ते असंच हवं, तिथलं एक अक्षरही बदलायचं नाही. पण 'पक्ष्यांची माहिती' असं नाव लावून तेच छापलं तर मी पुस्तक परत ठेवते.

आणि मुंबईत गाव नाही असं का धरायचं? आरे कॉलनी 1949 साली वसवली तीच मुळात शहरातली जनावरं बाहेर हलवायला. तिथल्या आदिवासी पाड्यांवर अजून वाघोबाला पुजतात, बिबट्या रात्री अंगणाशेजारून जातो. वर्सोव्याच्या कोळीवाड्यात जून-जुलैत यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या, घरातले सगळे जाळी दुरुस्त करत बसलेले. तुमच्या मुलाच्या वयाची पोरं राहतात या घरांत. यांच्यावरची मराठी पुस्तकं शोधायला गेलं की एक हात पुरतो, याचा मला खरंच राग येतो. घराबद्दल विचाराल तर माधुरी पुरंदरेंचं 'राधाचं घर' मी डोळे मिटून देते, कारण त्यात घरातलं प्रत्येक माणूस कुणीतरी आहे, नुसती आजी किंवा नुसते बाबा नाहीत.

पुस्तकं महाग आहेत असंही तुम्ही शेवटी लिहिलंत, खरंय. बालभारतीचं 'किशोर' 1971 पासून निघतंय आणि जुने अंक नेटवर फुकट वाचता येतात, तिथून सुरुवात करा.

राहिला मुलाचा प्रश्न. ताई, लालबागला राहून तुम्ही हे विचारताय म्हणून सांगते, गाव तुमच्या चाळीतच येऊन राहिलं होतं. एकेका गावच्या मंडळाची खोली असायची, वीस-पंचवीस जण, एक पाळीला गेला की दुसरा त्याच्या जागेवर झोपायचा. बायका-पोरं मागे गावाला, पैसे मनीऑर्डरने. तुमचे आजे-पणजे कुठून आले, कुठल्या गिरणीत, साचेखात्यात म्हणजे मागांवर की आणखी कुठे, घरात कुणाला माहीत असेल तर आत्ताच विचारून ठेवा. चाळीत अशी एखादी खोली अजून शिल्लक असेल तर एका रविवारी त्याला घेऊन जा, तिथल्या म्हाताऱ्या बाबांना गावात जनावरं कुठली होती ते विचारू दे. गाव कसं सुटलं तेही सांगा, जमीन गेली असेल तर गेली असंच सांगा.

बकरीच्या पुस्तकापुढे मी आज 'नऊच्या पुढे, आणि सोबत बसून' असं लिहिलंय. ती परत येईल का याला माझ्याकडे एकच उत्तर आहे, नाही येणार. त्याने परत विचारलं तर मी तेच सांगेन, आणि मग तिचं नाव काय ठेवायचं ते त्यालाच विचारेन, कारण पुस्तकात तिला नाव नाहीये.