माझी तारीख मला माहीत हवी

परवा रात्री साडेदहाला आमच्या कॉन्डोतल्या एका मराठी मुलीचा फोन आला. लग्न होऊन बँकॉकला आली त्याला सात महिने होत आले. आवाज रडवेला. इथे परदेशी माणसाने दर नव्वद दिवसांनी आपला पत्ता इमिग्रेशनला कळवायचा असतो. नवऱ्याच्या कंपनीच्या एचआरने त्याची ही नव्वद दिवसांची हजेरी वेळेवर लावली होती, हिची कुणीच लावली नव्हती. तारीख उलटून तीन आठवडे झाले होते. "ताई, माझं वेगळं असतं हेच मला कुणी सांगितलं नाही."

काल सकाळी तिला घेऊन इमिग्रेशनला गेले. स्वतःहून गेलं की २,००० बाथ दंड, पावती आणि पुढची तारीख. वीस मिनिटांत काम झालं. आधीच पोलिसांच्या हाती लागलं असतं तर प्रकरण महागात गेलं असतं. येताना गाडीत ती गप्प होती, मग म्हणाली, "परदेशात येऊन पहिल्याच वर्षी गुन्हा केला असं वाटतंय." तिची चूक नव्हती. चूक आपल्या इथल्या सगळ्या घरांमध्ये चालत आलेल्या सवयीची आहे. बायकोचे कागद नवरा बघतो, नवऱ्याचे कंपनी बघते, आणि या दोघांच्या मध्ये बायकोची तारीख पडून जाते. म्हणून आज सविस्तर लिहिते आहे.

थायलंडचा इमिग्रेशन कायदा १९७९ चा, त्यांच्या बौद्ध सनाप्रमाणे २५२२ चा. त्याच्या ३७ व्या कलमात आहे की इथे सलग नव्वद दिवसांपेक्षा जास्त राहणाऱ्या परदेशी माणसाने आपण कुठे राहतो हे इमिग्रेशनला कळवायचं, आणि पुढे दर नव्वद दिवसांनी कळवत राहायचं. फॉर्मचं नाव टी.एम. ४७. फी नाही. व्हिसाची मुदत याने वाढत नाही आणि वर्षाची मुदतवाढ हातात असली तरी हे चुकत नाही. थाईत याला 'रायन्गान तुआ' म्हणतात, म्हणजे आपण आहोत असं सांगायला हजर होणं. मराठीत सरळ हजेरी.

घोळ होतो तो पहिल्या वर्षी. पहिल्यांदा मुदतवाढीचा अर्ज करता तेव्हा तीच पहिली हजेरी धरली जाते. त्यामुळे नव्या माणसाला वाटतं की झालं, आता वर्षभर बघायला नको. आणि बरोबर नव्वद दिवसांनी पहिली खरी तारीख येते. नव्वद दिवस म्हणजे तीन महिने नव्हेत, हेही लक्षात ठेवा. बोटांवर महिने मोजू नका, पासपोर्टमध्ये टाचलेल्या स्लिपवर तारीख छापलेली असते ती वाचा. मधे देशाबाहेर जाऊन आलात तर मोजणी परत पहिल्या दिवसापासून. आमच्या घरात गणपतीला मी जाते, दिवाळीला नवरा, उन्हाळ्यात मुलगा. तिघांच्या तारखा कधीच एक नसतात. कॅलेंडरवर तीन रंगांनी लिहिलेल्या आहेत.

आता मी हे स्वतः का करते ते सांगते.

२०१७ पर्यंत मीही एजंटला देत होते. दर वेळी ५०० बाथ आणि पासपोर्ट. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये पासपोर्ट त्याच्याकडे गेला आणि शुक्रवारी, पाडव्याच्या संध्याकाळी, पुण्याहून आईचा फोन आला की बाबांना अर्धांगाचा झटका आलाय. तिकीट मिळत होतं. पासपोर्ट नव्हता. एजंटचा फोन बंद, ऑफिसला कुलूप. शनिवार, रविवार, आणि सोमवारी २३ ऑक्टोबरची चुलालाँगकॉर्न दिनाची सुट्टी. मंगळवारी सकाळी नऊला त्याच्या दारात उभी होते. माझा पासपोर्ट एका खोक्यात, तीस-चाळीस जणांच्या पासपोर्टांमध्ये रबर लावून ठेवलेला होता. कामाला अजून नेलाच नव्हता. बाबा वाचले, पण ते पहिले चार दिवस माझी सत्तर वर्षांची आई आयसीयूबाहेरच्या बाकावर एकटी बसून होती. भाऊबीज तिथेच गेली. हे मी विसरलेले नाही आणि विसरणारही नाही.

त्यानंतर पासपोर्ट घराबाहेर दिला नाही. मी पोस्टाने हजेरी देते.

होय, पोस्टाने. बऱ्याच जणांना हा मार्ग आहे हेच ठाऊक नाही. पाकिटातून फक्त झेरॉक्स जातात, मूळ पासपोर्ट कपाटात राहतो. पहिली हजेरी मात्र प्रत्यक्ष जाऊन द्या, पासपोर्ट नवा झाला असेल तरीही जा. चेहरा, कागद, पत्ता एकदा तिथल्या संगणकात नीट बसला की पुढचं सोपं जातं.

मी काय पाठवते ते लिहिते. टी.एम. ४७ भरून आणि सही करून. पासपोर्टच्या फोटोच्या पानाची, चालू व्हिसाच्या पानाची, शेवटच्या प्रवेशाच्या शिक्क्याची आणि शेवटच्या मुदतवाढीच्या शिक्क्याची झेरॉक्स. आधीच्या हजेरीच्या स्लिपची प्रत. जुन्या याद्यांमध्ये टी.एम. ६ या, देशात येताना भरायच्या पांढऱ्या कार्डाची प्रत मागितलेली दिसेल. ते कार्ड विमानाने येणाऱ्यांसाठी २०२२ मध्येच थांबलं आणि १ मे २०२५ पासून त्याच्या जागी डिजिटल कार्ड आलं, मी त्याचा प्रिंट जोडते. प्रत्येक झेरॉक्सवर निळ्या पेनाने सही. आपल्याकडे सेल्फ अटेस्टेड म्हणतात तेच, इथे 'सम्नाव थूक तोंग', म्हणजे प्रत बरोबर आहे. एकही पान सहीशिवाय सोडू नका.

आणि दुसरं एक पाकीट. त्यावर आपला पत्ता आणि १० बाथचं तिकीट. स्लिप त्यातूनच परत येते, म्हणून सगळ्यात जास्त जीव या पाकिटात घाला. पत्ता थाईत हवा. इंग्रजीत लिहिलेला पत्ता कधी पोचतो, कधी पोचत नाही, कारण सोईचं, म्हणजे गल्लीच्या नावाचं, स्पेलिंग जो तो आपल्या मनाने करतो. घर नंबर, सोई, रस्ता, मग बँकॉकात ख्वेंग (उपविभाग) आणि खेत (विभाग), बाहेरच्या प्रांतात तांबोन (उपजिल्हा), अम्फो (जिल्हा) आणि चांगवात (प्रांत), शेवटी पाच आकडी कोड. खालच्या गार्डकडून किंवा ज्युरिस्टिक ऑफिसातल्या, म्हणजे इमारतीच्या व्यवस्थापनातल्या, मुलीकडून एकदा लिहून घ्या, टाईप करा, वीस प्रिंट काढून ठेवा. माझ्याकडे अशी चिकटणाऱ्या लेबलांची पानं आहेत.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पाकीट तारखेच्या किमान १५ दिवस आधी पोस्टात पडलं पाहिजे, आणि रजिस्टर करून. प्रत्यक्ष जाणाऱ्याला तारखेच्या आधी १५ दिवस आणि नंतर ७ दिवस अशी सवड असते. पोस्टाला नंतरची सवड नाही. मी तीन आठवडे आधी पाठवते. एप्रिलची तारीख असेल तर अजून आधी, कारण १३ ते १५ एप्रिल सोंगक्रान, आणि त्या आठवड्यात सगळा देश गावी गेलेला असतो. बँकॉकात राहणाऱ्यांनी चेंग वत्थनाच्या सरकारी संकुलातल्या बी इमारतीत, इमिग्रेशन डिव्हिजन १ च्या नव्वद दिवसांच्या नोंदणी विभागाच्या नावे, लक्सी, १०२१०. बाहेरच्या प्रांतात राहणाऱ्यांनी आपापल्या प्रांताच्या ऑफिसला पाठवायचं, बँकॉकला नाही. रायोंग, चोनबुरीतल्या मंडळींनी आधी आपल्या ऑफिसला फोन करून तिथली पद्धत विचारून घ्यावी.

पोस्टातली मुलगी जी रजिस्टरची पावती देते, ती जपा. ट्रॅकिंग नंबर तर आहेच, पण तोच तुमचा पुरावाही आहे. एकदा माझं परतीचं पाकीट आलंच नाही. पाच आठवडे झाले, सहा झाले. ती पावती, पासपोर्ट आणि सगळ्या कागदांची दुसरी प्रत घेऊन इमिग्रेशनला गेले. बाईंनी संगणकात पाहिलं, नोंद झालेली होती. स्लिप परत छापून दिली, दंडाचा विषय निघाला नाही. पावती नसती तर काय बोलले असते? एरवी मला तीन-चार आठवड्यांत स्लिप मिळते. लाल शर्टातला पोस्टमन खाली गार्डकडे ठेवून जातो आणि माझंच पाकीट मला परत मिळतं.

थाईत टपालाला 'प्राय्सनी' म्हणतात. लिहिलेलं वाचायला शिकले तेव्हा लक्षात आलं की हा आपला 'प्रेषणीय'. सोंगक्रान म्हणजे संक्रांत, तसंच. इथलं टपालखातं ४ ऑगस्ट १८८३ ला सुरू झालं, राजा चुलालाँगकॉर्नच्या कारकिर्दीत. माझे बाबा पोस्टात होते. सॉर्टिंगला बसायचे तेव्हा पिनकोडच्या आधीचे आणि नंतरचे दिवस दोन्ही पाहिलेले. १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड आला, तो बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपल्या कोकणातले, संस्कृतचे मोठे पंडित, हे ते आम्हाला अभिमानाने सांगायचे. रजिस्टर एडीची पोचपावती त्यांच्यासाठी देवाच्या प्रसादासारखी होती. भारतात २०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन केलं, ते ऐकायला बाबा नाहीत. इथे काउंटरवर पावती हातात पडते तेव्हा मला ते आठवतात.

"ऑनलाइन का करत नाहीस?" हा प्रश्न दर वेळी येतो. ज्यांचं होतं त्यांनी जरूर करावं. तारखेच्या १५ ते ७ दिवस आधीपर्यंत अर्ज घेतात आणि मंजूर झाला की स्लिप लगेच छापता येते. माझ्या मुलाचं तसंच होतं. माझा अर्ज दोनदा नाकारला गेला आणि कारण कळलं नाही. शिवाय आमच्या मंडळातल्या दोन काकू मुलांकडे राहतात, सत्तरीच्या पुढच्या. त्यांना ओटीपी, पासवर्ड, ई-मेल यातलं काही जमत नाही, पण फॉर्मवर सही छान करता येते. त्यांच्यासाठी पोस्टाचं दार उघडं राहिलंच पाहिजे असं माझं ठाम मत आहे. उद्या सगळं फक्त ऑनलाइन केलं तर या बायका पूर्णपणे दुसऱ्याच्या हातात जातील, आणि दुसऱ्याच्या हातात पासपोर्ट गेला की काय होतं ते मी वर लिहिलं आहे.

प्रत्यक्ष जाणंही आता पूर्वीइतकं कठीण नाही. बांगनाहून आधी मो चित स्टेशनपर्यंत बीटीएस ही शहरातली रेल्वे आणि पुढे टॅक्सी असा अर्धा दिवस जायचा. आता वाट फ्रा सी महाथात स्टेशनला उतरून पिंक लाइनची गाडी पकडली की संकुलाच्या जवळ पोचता येतं. तरी जाऊन-येऊन तीन तास धराच. तान्हं मूल असलेल्या किंवा गुडघे दुखणाऱ्या बाईला तीन तास ही लहान गोष्ट नाही.

आणि हेही म्हणते, की नियम पाळते म्हणून तो मला पटतो असं नाही. एक वर्षाची परवानगी ज्यांनी दिली, त्यांनीच चार वेळा पत्ता विचारायचा, पत्ता बदललेला नसताना. घरमालकाने परदेशी भाडेकरूची माहिती २४ तासांत टी.एम. ३० या फॉर्मवर द्यायची असते, म्हणजे तीच माहिती सरकारकडे दुसऱ्या दाराने गेलेलीच असते. एलटीआर (दीर्घ मुदतीचा रहिवासी) आणि स्मार्ट व्हिसावाल्यांना वर्षातून एकदाच कळवावं लागतं. म्हणजे वर्षातून एकदा पुरतं हे सरकारलाही मान्य आहे, पण पैसेवाल्या आणि खास कौशल्यवाल्या लोकांपुरतंच. शाळेत शिकवणारी बाई, नोकरदाराची बायको, निवृत्त माणूस यांना तीच सवलत का नसावी? २०२० मध्ये करोनाच्या काळात ही हजेरी काही महिने थांबवली होती, तेव्हा काही बिघडलं नाही. ज्या घरात एकच पत्ता वर्षानुवर्षं आहे तिथे वार्षिक हजेरी करावी, एवढंच माझं म्हणणं आहे.

पण हे म्हणताना मला कोथरूडचं आमचं घर आठवतं. वरच्या मजल्यावर एक इराणी मुलगा भाड्याने राहायचा, फर्ग्युसनला होता. महिन्या-दोन महिन्यांनी सकाळी फाइल घेऊन पोलीस आयुक्तालयात जायचा आणि दुपार टळून गेल्यावर यायचा. आई ताट झाकून ठेवायची. मी तेव्हा वीस वर्षांची होते, खालीच राहून मी त्याला कधी विचारलं नाही की तिथे काय होतं, कुणी नीट बोलतं का. आता चेंग वत्थनाच्या खुर्चीत नंबर धरून बसले की तो मुलगा डोळ्यांसमोर येतो. पुण्यात ज्यांच्याकडे परदेशी विद्यार्थी भाडेकरू आहेत त्यांना कळकळीने सांगते, त्यांच्या नोंदणीसाठी लागणारे तुमचे कागद वेळेवर द्या, त्यांना दहा वेळा जिने चढायला लावू नका.

परवाच्या त्या मुलीने काल संध्याकाळी स्वतः टी.एम. ४७ चा कोरा फॉर्म प्रिंट करून आणला. पुढच्या खेपेला पोस्टाने पाठवणार आहे. पत्ता थाईत आम्ही दोघींनी मिळून लिहिला, तिने तीन वेळा गिरवला. फ्रिजवर स्वतःची तारीख लावली, नवऱ्याची तिच्याखाली.

बँकॉकमधल्या ज्या बायकांना परतीच्या पाकिटासाठी थाईत पत्ता टाईप करून हवा असेल त्यांनी मला इनबॉक्स करा. फक्त पत्ता पाठवा, पासपोर्टचा फोटो मला किंवा कुणालाच पाठवू नका. शनिवारी दुपारी मी मोकळी असते, फॉर्म भरायला घरी आलात तरी चालेल. येताना तुमच्या पासपोर्टमधली स्लिप स्वतः वाचून या.