‘पुढे’चं बटण

बदली शिक्षकांसाठी ऑनलाइन प्रशिक्षण तयार करायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा मी जराही डगमगलो नाही. वर्गात शिकवायला कधी उभा राहिलो नसलो, तरी शिक्षा म्हणून पुष्कळदा उभा राहिलो होतो. नेहमीचे सर रजेवर गेले आणि कुणी नवखे गृहस्थ आत आले, की पुढच्या पाच मिनिटांत काय होतं, हे मला तोंडपाठ होतं. थोडक्यात, विषयाची माहिती होती. फक्त विरुद्ध पक्षाची.

पहिल्याच दिवशी मी उद्दिष्ट लिहिलं : ‘शिक्षकाला वर्गनियंत्रण समजेल.’ सल्लागार बाईंनी ‘समजेल’वर लाल रेघ ओढली.

‘‘समजलं हे मोजणार कसं?’’

१९५६ साली बेंजामिन ब्लूम आणि मंडळींनी शिकण्याच्या पायऱ्या मांडल्या. पुढच्यांनी त्या पायऱ्यांवर क्रियापदांच्या याद्या रचल्या, आणि तेव्हापासून समजणे, कळणे, उमजणे ही भली क्रियापदं या धंद्यात वाळीत पडली आहेत. तीन तासांच्या खलानंतर वाक्य झालं : ‘बदली शिक्षक गोंधळाचे प्रकार ओळखून त्यांचे वर्गीकरण करेल.’ डस्टर उडत असताना वही काढून त्याचं वर्गीकरण करणारा एक सज्जन माणूस मला पुढे कित्येक रात्री दिसत होता.

मग आले शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ जेकब कूनिन. त्यांनी वर्गांच्या चित्रफिती बघून १९७० साली पुस्तक लिहिलं. निष्कर्ष मोठा मजेदार होता. दंगा झाल्यावर शिक्षक कसा ओरडतो, यावर फारसं काही ठरत नाही. ‘यांचं सगळीकडे लक्ष आहे’ असं मुलांना आधीपासून वाटतं की नाही, यावर बरंच ठरतं. मी खूश होऊन चित्रकाराला सांगितलं, ‘‘शिक्षकाला डोक्यामागेही डोळे असतात, असं काहीतरी दाखव.’’ त्याने दाखवले. पापण्यांसकट. एका परीक्षक शिक्षिकेने तो स्क्रीन बघून लॅपटॉपच मिटला.

खरी अडचण मात्र डोळ्यांची नव्हती, नावांची होती. मागे डोळे असले तरी बदली शिक्षकाला त्या डोळ्यांना दिसणाऱ्या मुलाचं नाव कुठे माहीत असतं? तो म्हणतो, ‘‘ए, निळं दप्तर!’’ आणि अकरा जण साळसूदपणे उभे राहतात. ‘बैठकीचा नकाशा आधी मागून घ्या’ हे सांगायला एक ओळ पुरली असती. बैठकीत त्या ओळीचे सहा स्क्रीन झाले.

आणि मग बटण. मेरी बड रो यांनी शोधलं होतं, की शिक्षक प्रश्न विचारून उत्तरासाठी जेमतेम एक सेकंद थांबतात. तेच तीन सेकंद थांबले, तर मुलं लांब आणि विचारपूर्वक उत्तरं देतात. हे मी बैठकीत सांगितलं, ही माझी चूक. साहेब म्हणाले, ‘‘वा! मग आपणही थांबवू.’’ तीनाचे चाळीस सेकंद झाले. प्रत्येक स्क्रीनवर ‘पुढे’चं बटण चाळीस सेकंद करडं राहणार, मग पेटणार.

चाचणीला बारा शिक्षक बसले. सरावप्रश्नांत सगळ्यात लांब पर्याय बरोबर असतो, हे त्यांनी तिसऱ्या प्रश्नाला ओळखलं. शेवटी माणसं परीक्षा घेण्यातलीच. अभिप्रायात एका बाईंनी लिहिलं, ‘अत्यंत उपयुक्त. बटण पेटेपर्यंत एकतीस वह्या तपासून झाल्या.’ प्रशिक्षण कितपत जमलं हे जोखायच्या कर्कपॅट्रिक यांच्या पद्धतीत पहिली पायरी म्हणजे शिकणाऱ्याची प्रतिक्रिया, दुसरी म्हणजे तो खरंच काय शिकला. आम्ही ‘समाधानी’ अशी नोंद केली आणि दुसरी पायरी बघायला कुणी गेलं नाही.

अभ्यासक्रम सुरू झाल्यावर तक्रार आली, की निम्मं झाल्यावर गाडी परत ‘स्वागत’वर येते. आमची प्रणाली स्कॉर्म १.२ या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या जुन्या तांत्रिक मानकावर चालते. कोण कुठवर आलं ही खूण ठेवायला त्यात ४,०९६ अक्षरांची जागा. आमच्या सहा-सहा स्क्रीनांनी ती कधीच खाऊन टाकली होती. म्हणजे विद्यार्थी जितका मन लावून शिकणार, तितकं यंत्र त्याला विसरणार.

एका सकाळी फोन वाजला.

‘‘सर, तुमचं प्रशिक्षण उघडलंय. आत्ताच बोलावणं आलं, वर्गाबाहेर उभी आहे. हे बटण कधी लागतं?’’

‘‘कितव्या स्क्रीनवर आहात?’’

‘‘स्वागत.’’

मागून समुद्रासारखा आवाज येत होता. माझ्या ओळखीचा.

‘‘बाई, ते राहू द्या. मुलं काय म्हणताहेत?’’

‘‘म्हणताहेत, आमचे सर या तासाला रोज मैदानावर सोडतात.’’

‘‘कोण म्हणतंय? पुढच्या बाकावरचा, चेहरा एकदम गरीब?’’

‘‘हो! तुम्हाला कसं कळलं?’’

‘‘खोटं आहे. त्यालाच फळ्यावर तारीख लिहायला उभा करा.’’

फोन चालूच राहिला होता. खडूचा आवाज आला, मग समुद्र ओसरला. प्रणालीत त्या बाईंच्या नावापुढे अजूनही ‘अपूर्ण’ दिसतं.