पट्टी पायात येणार हं

माझ्या उजव्या पायाच्या अंगठ्याचं नख तीन दिवसांपासून जांभळं आहे. लवकरच ते काळं पडेल आणि मग गळेल, असं भेटेल त्याला सांगून मी सहानुभूती गोळा करते आहे. फक्त शेजारच्या काकांना सांगितलेलं नाही. त्यांना कळलं तर ते एकच वाक्य बोलतील, आणि ते ऐकण्यापेक्षा मी डाव्या अंगठ्याचं नखही द्यायला तयार आहे.

प्रकरण साधं होतं. लेक १९ महिन्यांची, तिला जिन्याचा शोध लागला, मी फाटक मागवलं. भिंतीला भोकं नकोत म्हणून दोन्ही बाजूंनी दाबून बसणारं. पेटीवर लिहिलं होतं, ७५ ते ८२ सेंटीमीटर. आमच्या जिन्याच्या तोंडाचं माप मी ओढणीने घेतलं होतं, कारण घरातली टेप काकांकडे होती. 'आत्ता आणून देतो' म्हणून त्यांनी ती नेली, त्याला दोन महिने झाले होते.

ती टेप परत द्यायला काकांनी नेमका तोच मुहूर्त काढला. लेक झोपली होती, मी जिन्याच्या वरच्या टोकाला सगळे भाग मांडून बसले होते, आणि काका पायऱ्या चढून वर आले.

"मिस्टर नाहीत?"

"ऑफिसला गेलेत."

"मग हे?"

"मी बसवतेय."

"हो का," म्हणाले, आणि वरून तिसऱ्या पायरीवर बैठक मारली. प्रयोग सुरू होण्याआधी खुर्चीत नीट सावरून बसतात ना, तसे.

टेपेने मोजलं तर माप ८४ निघालं. ओढणी ताणली जाते, हे मला माहीत असायला हवं होतं. नशिबाने पेटीत सात सेंटीमीटरचा जादा तुकडा होता. तो जोडेपर्यंत काकांनी चौकशी आरंभली.

"पण हे कशाला?"

"ती पडू नये म्हणून."

"आमच्याकडे आडवी खुर्ची लावायचो."

"आणि कोणी पडलं नाही?"

"पडलं की. धाकटा दोनदा पडला."

"मग?"

"मग खुर्ची काढली. त्याला कळलं ना जिना म्हणजे काय ते."

धाकटा आता विमा विकतो. पायरीवरून काका हे इतक्या समाधानाने सांगत होते की मी वाद घातला नाही. त्यांनी खालच्या आडव्या पट्टीवर बोट ठेवलं. "ही पट्टी पायात येणार हं."

मी हसले. पट्टी चांगली लोखंडी, पांढरीशुभ्र, डोळ्यांना दिसणारी. ती पायात कशी येईल?

मग चौकट जिन्याच्या तोंडात उभी केली आणि दार लावून पाहिलं. लागेचना. खिट्टी आणि तिची खाच यांच्यात दोन बोटं फट. दार उचलून पाहिलं, ढकललं, दोन शेलके शब्दही ऐकवले. फट जागच्या जागी.

"डिफेक्टिव्ह पीस," काका म्हणाले.

मला हेच हवं होतं. माझ्याइतकीच दुसऱ्याचीही खात्री पटली की चूक वस्तूचीच असते. मी तावातावाने कंपनीला फोन लावला. तिकडची मुलगी अतिशय गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, चाकं आवळलीत का? आणि दारावरचा लाल स्टिकर वाचलात का?"

स्टिकर मी सगळ्यात आधी सोलून टाकला होता, नीट दिसावं म्हणून. केराच्या टोपलीतून काढून वाचला. 'फट दिसणं साहजिक आहे, वस्तू परत करू नका.' चौकटीला वर आडवी दांडी नसते, तिचे दोन खांब मोकळे फाकलेले असतात. चार कोपऱ्यांतली चाकं फिरवून आट्यांचे दांडे भिंतीशी दाबत नेले की खांब आत येतात आणि फट बुजते. म्हणजे दार लागत नव्हतं कारण मी अजून काही केलंच नव्हतं.

चाकं फिरवायला घेतली. वरचं डावं आवळलं की दार उजवीकडे सरकायचं, उजवं आवळलं की खिट्टी खाचेवर चढायची, आणि खाली स्कर्टिंगने भिंत बोटभर पुढे आलेली, त्यामुळे खालचे दांडे आखूड आणि वरचे लांब. वीस मिनिटं चाकं फिरवून माझ्या तर्जनीला फोड आला. काका मात्र "थोडं डावीकडे... आता जास्त झालं... हं, पुन्हा" असं म्हणत होते. त्यांनी एकाही चाकाला हात लावला नाही. मधे एकदा "पट्टी पायात येणार हं" पुन्हा झालं.

शेवटी खिट्टी 'खट' करून बसली. तो आवाज मला गाण्यासारखा वाटला. तेवढ्यात नवरा आला, आणि काका उठून म्हणाले, "आम्ही बसवलं!"

नवरा म्हणाला, "अरे वा, थँक यू काका."

मी हे लिहिताना अजूनही दात आवळते आहे. बसून राहण्याचे आभार मानायचे तर घरातल्या सोफ्याचे रोज मानले पाहिजेत. फोड माझ्या बोटाला, ओढणी माझी, फोन मी केला, लाजही मीच वाटून घेतली. आणि कौतुक 'आम्ही'चं. बरं, नवरा वाईट नाही. त्याला खरंच वाटलं की काकांनी मदत केली. पायरीवर पाय पसरून बसलेला माणूस पाहून आपल्या लोकांना 'काम चाललंय' असंच वाटतं, त्याला तो तरी काय करणार.

त्याच रात्री दीड वाजता मी पाणी प्यायला खाली निघाले. दार उघडलं, पाऊल टाकलं, आणि अंगठा पट्टीवर. कठडा हाताला लागला म्हणून पुढचं हे लिखाण झालं. जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसून मी अंगठा धरून वाकले, आणि काकांचा आवाज कानात आला.

सकाळी नवऱ्याने निवांतपणे माहितीपत्रक वाचायला घेतलं. पान १४.

"अगं, हे जिन्याच्या वरच्या टोकाला लावायचं नाही म्हणतात. खालच्या पट्टीत पाय अडकतो, आणि जोराने ढकललं तर सगळंच निसटू शकतं. तिथे स्क्रूने भिंतीत बसवायचं लागतं, पट्टी नसलेलं. आणि दार जिन्याकडे उघडता कामा नये."

पहिल्या तेरा पानांवर केस नसलेल्या एका चित्रातल्या माणसाने हसत हसत चाकं फिरवली आहेत. मूल पडण्याशी ज्याचा संबंध आहे ते वाक्य चौदाव्यावर. आणि युरोपीय मानक ईएन १९३०, ज्याचा उल्लेख पेटीच्या बुडाशी बारीक अक्षरात आहे, ते २४ महिन्यांपर्यंतच्या मुलांसाठीचं. म्हणजे हिच्या वाट्याला पाच महिने. त्यातले तीन दिवस माझ्या अंगठ्याने खाल्ले.

ते फाटक आता स्वयंपाकघराच्या दाराला आहे. लेकीला ते फार आवडलं. सकाळी उठून दोन्ही हातांनी दांड्या धरून ती हलवते, आणि मधल्या फटींतून माझे सगळे चमचे एकेक करून बाहेर टाकते. जिन्यासाठी स्क्रूचं फाटक आलं आहे. बेडरूमचं दार तोवर बंद ठेवतो. पेटी मी पलंगाखाली लपवली होती, पण पोहोचवणारा मुलगा आमची बेल सोडून शेजारची वाजवून गेला होता.

आत्ता बेल वाजली. दारात काका आहेत, हातात त्यांचं ड्रिल.

"मिस्टर आहेत का?"