"कुणाला काही शंका?" असं विचारून प्रश्न येत नसतात

गणिताचा तास संपायला पाच मिनिटं उरली की आपण विचारतो, कुणाला काही शंका? वर्ग गप्प, आणि आपण धरून चालतो की सगळ्यांना कळलं. पोरांना विचारायचं नसतं असं नाही ओ, विचारायचं कसं हे त्यांना कुणी दाखवलेलंच नसतं. हातचा घ्यायला शिकवतो, लसावि काढायला शिकवतो आणि प्रश्न मात्र त्यांना आपोआप सुचावेत. मला हे अजिबात पटत नाही. प्रश्न काढणं हे पण शिकवावं लागतं, फळ्यावर करून दाखवून, त्याला तासातला वेळ देऊन.

मी काय करते, तर उदाहरण सुटलं की वही मिटू देत नाही, त्यातली एक गोष्ट बदलायला लावते. कापरेकरांचा ६१७४ घ्या. देवळालीच्या शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर, म्हणजे आपल्यासारखेच शाळामास्तर. पोरं रस्त्यावरच्या एमएच १०, म्हणजे आमच्या सांगलीच्या, गाड्यांचे नंबर लिहून आणतात, चार अंक, सगळे सारखे नकोत, त्यांची मोठ्यात मोठी संख्या करायची, त्यातून लहानात लहान वजा करायची, जे येईल त्याचं परत तेच. १०१० घेतला तर ११०० वजा ००११, आले १०८९, मग ९६२१, मग ८३५२, मग ६१७४ आणि तिथंच अडकतं. कुठलाही नंबर घ्या, जास्तीत जास्त सात वेळा करावं लागतं. पोरं खूश होतात. मग मी विचारते, यात काय बदलता येईल? कुणीतरी म्हणतं तीन अंकी घेऊ, ते ४९५ ला थांबतं. मग दोन अंकी, आणि ते थांबतच नाही, ६३, २७, ४५, ०९, ८१ आणि परत ६३! का थांबत नाही हे पोरं मधल्या सुट्टीतपण भांडत होती, मी गृहपाठ दिलाच नव्हता.

दुसरी सवय म्हणजे उदाहरणात न सांगता काय गृहीत धरलंय ते शोधायचं. सांगलीच्या पोरांना यासाठी लांब जायला नको. जुलै-ऑगस्टला घरोघरी एकच चौकशी, आयर्विन पुलाला कृष्णेचं पाणी किती झालं? ४० फूट इशारा, ४५ धोका हे बारक्या पोरांनापण पाठ, २०१९ ला तर ५७ फुटांच्या घरात गेलं होतं. म्हणून मी फळ्यावर लिहिते, पाणी सहा तासांत एक फूट वाढलं, आत्ता ३४ आहे, ४० ला कधी जाईल? ३६ तास, सगळ्यांचं बरोबर. मग म्हणते, या ३६ वर विसंबून घरातलं सामान हलवायचं थांबणार का? आता बघा प्रश्न कसे येतात. कोयनेतनं विसर्ग वाढवला तर? रात्रीत वर पाऊस झाला तर? आणि नववीतली एक पोरगी म्हणाली, मॅडम, पाणी पात्र सोडून मळ्यात पसरलं की तेवढंच पाणी जास्त जागेत जाणार, मग एक फूट चढायला जास्त वेळ नाही का लागणार? समप्रमाण कुठं चालतं आणि कुठं चालत नाही हे मी तासभर बोलूनपण इतकं नेमकं सांगू शकले नसते.

पोर्शन कधी संपणार हे पालक विचारतात, स्टाफरूममध्येपण ऐकावं लागतं. सरावसंचातली एकाच साच्यातली चार गणितं कमी करा, वेळ निघतो. पण "हे आपल्याला पोर्शनला नाही" किंवा "पुढच्या वर्षी आहे ते" एवढं म्हणून पोराला खाली बसवू नका, एकदा असं बसलेलं पोर परत हात वर करत नाही आणि त्याच्या बाकावरचे इतरही करत नाहीत, मी वर्षानुवर्षं बघतेय हे.

आणि मार्क द्या त्याला, मार्काशिवाय कुणी मनावर घेत नाही हे आपण सगळेच जाणतो. माझ्या चाचणीत दोन मार्कांना असतं, वरच्या उदाहरणातली एक अट बदला आणि नवा प्रश्न लिहा, उत्तर काढायचं नाही. नुसता आकडा बदलला तर एक मार्क, ज्याचं उत्तर मलापण कागद घेऊन बसून काढावं लागेल त्याला दोन्ही.