तळीराम किती सापडले ते नको, तपासले किती ते सांगा

पुण्यात हेल्मेटसक्तीचा विषय निघाला की आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर दोन तट पडतात. एकाचं म्हणणं, आधी खड्डे बुजवा, मग आमच्या डोक्याची काळजी करा. झाडामागे दडून पावत्या फाडणं ही निव्वळ वसुली आहे. दुसऱ्याचं म्हणणं, आपल्या लोकांना शिस्तच नाही, दंड दहापट करा. मग कोणीतरी मला, म्हणजे मेलबर्नकराला, साक्षीला बोलावतो: "तुमच्याकडे कसे सगळे गुपचूप लेनमध्ये चालतात, सांग जरा यांना!"

साक्ष द्यायला हरकत नाही, पण ती दोघांनाही सोयीची नाही.

मी राहतो ते ऑस्ट्रेलियातलं व्हिक्टोरिया राज्य. इथेही पोलीस राज्याचेच. १९७० साली या राज्यात हजारावर माणसं रस्त्यावर मेली, आणि त्याच वर्षाच्या शेवटी सीटबेल्ट सक्तीचा झाला. १९७६ पासून संशय असो-नसो, कोणाही चालकाला थांबवून त्याचा श्वास तपासायला पोलिसांनी सुरुवात केली. पुढे वेगाचे कॅमेरे आले, लाळेवरून अमली पदार्थ ओळखणारी चाचणी आली. लोकसंख्या दरम्यान जवळपास दुप्पट झाली, पण २०२० साली मृत्यू होते २११. २०२३ मध्ये ते २९५ वर गेले तेव्हा केवढी ओरड झाली! महाराष्ट्रात वर्षाला पंधरा हजारांवर माणसं जातात. लोकसंख्येच्या हिशेबाने हे प्रमाण इथल्या जवळपास तिप्पट.

आता गंमत बघा. दारूच्या बाबतीत कायदा आपला जास्त कडक आहे. भारतात १०० मिलिलीटर रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं की गुन्हा. इथे साध्या लायसन्सवाल्याला ५० च्या आत मोकळीक. म्हणजे ग्रुपवरच्या दुसऱ्या मित्राला हवा तो कडकपणा कागदावर केव्हाचाच आहे.

फरक कुठे पडतो, ते एका रविवारी सकाळी दिसलं. मंडळाच्या कार्यक्रमाला निघालो होतो, मागच्या सीटवर पोह्यांचं पातेलं. वळणापलीकडे पोलिसांची 'बूझ बस' उभी आणि झाडून सगळ्या गाड्या एका लेनमध्ये वळवलेल्या. पोलिसाने यंत्राला नवी नळी लावली, मी फुंकर मारली, त्याने आकडा बघितला आणि हात दाखवला, जा. मिनिटभराचं काम. "इतक्या सकाळी?" असं विचारल्यावर तो हसला. म्हणाला, काहींची रात्रीची उतरलेली नसते. माझ्या पुढे एक आलिशान गाडी होती, मागे प्लंबरची व्हॅन. तिघांनीही फुंकलं. मर्यादेच्या वर सापडलेल्याचं लायसन्स पहिल्याच वेळी निदान तीन महिने जातं, आणि परत मिळालं की निदान सहा महिने गाडीत असं यंत्र बसवावं लागतं, ज्यात फुंकल्याशिवाय गाडी सुरूच होत नाही. पण लोक शिक्षेपेक्षा या बसला घाबरतात. ती कुठेही, कधीही उभी असू शकते.

आणि पोलीस इथले देवमाणूस आहेत असंही नाही. २०१८ मध्ये बाहेर आलं, की साडेपाच वर्षांत अडीच लाखांवर चाचण्या बनावट होत्या. टार्गेट पुरं करायला पोलीस नळीवर बोट ठेवत किंवा स्वतःच फुंकत. टार्गेट म्हटलं की हे आलंच, मग देश कोणताही असो! एकूण चाचण्या होत्या पावणेदोन कोटींच्या आसपास, म्हणजे बनावट दीड टक्का. पण तेवढ्यावरून सरकारी अपघात विमा मंडळाने पोलिसांना द्यायचा निधी थांबवला आणि बाहेरून चौकशी झाली. खोटेपणा सापडला तो यंत्रांतल्या नोंदी तपासल्यामुळे.

पुण्यात मे २०२४ मध्ये पोर्श गाडीने दोन तरुण इंजिनिअर मेले. त्यानंतर आरोपीचा रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली. त्याचा निकाल कोर्ट लावेल. पण त्या आठवड्यात ग्रुपवर चर्चा झाली ती बापाच्या पैशाची आणि अपघातावर लिहायला सांगितलेल्या तीनशे शब्दांच्या निबंधाची. त्या रात्री पुण्यात नाकाबंदी कुठे होती आणि किती जणांची तपासणी झाली, हे कोणीच विचारलं नाही.

वसुलीवाल्या मित्रालाही एक सांगणं आहे. कॅमेऱ्यांना 'सरकारची कमाई' म्हणून शिव्या इथेही घालतात. म्हणून हा पैसा रस्त्यांच्या कामासाठीच्या निधीत जातो, कॅमेरे कुठे आहेत त्याची यादी जाहीर असते आणि तक्रारी ऐकायला स्वतंत्र आयुक्त आहे. आपल्याकडे ई-चलान मोबाइलवर येतं आणि लोकअदालतीत निम्म्यावर मिटेल म्हणून तसंच पडून राहतं. अशा दंडाला कोण भितो?

आपल्याला जमतच नाही, हे मात्र मला पटत नाही. मुंबई वाहतूक पोलिसांनी २००७ पासून मद्यपी चालकांविरुद्ध मोहीम लावून धरली आणि पार्टीला जाताना ड्रायव्हर नाहीतर टॅक्सी करायची सवय मुंबईकरांना लागली. तेच मुंबईकर, तेच पोलीस. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०१६ साली दीडशेच्या घरात माणसं गेली होती. मग महामार्ग पोलीस, रस्ते महामंडळ आणि एक स्वयंसेवी संस्था एकत्र बसली, धोक्याच्या जागा एकेक करून दुरुस्त झाल्या आणि आकडा खाली आला.

दर एक जानेवारीला पेपरात बातमी असते, इतके तळीराम सापडले. किती जणांना तपासून इतके सापडले, हे सहसा त्यात नसतं. शंभरात दहा आणि दहा हजारांत दहा यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. प्रत्येक जिल्ह्याने दर महिन्याला तपासण्यांचा आकडा जाहीर करावा, मार्चचा, जुलैचा, आषाढातल्या एखाद्या मंगळवारचासुद्धा. हेल्मेटवरून भांडणाऱ्या दोन्ही मित्रांना ही मागणी एका कागदावर सही करून पाठवता येईल.