स्पीकरआधी दरवाजा बघा
कार ऑडिओवरच्या एका लेखात म्हटलंय की छोट्या गाडीत कंपोनंट स्पीकर (जाड आवाजाचा वूफर आणि बारीक आवाजाचा ट्वीटर वेगवेगळे असलेला सेट) टाकले की आवाज लगेच सुधारतो, ते अर्धंच खरं आहे. मी माझ्या हॅचबॅकमध्ये ६.५ इंची सेट बसवला तेव्हा पहिले दोन आठवडे बास, म्हणजे खालचा जाड आवाज, जवळजवळ गायबच होता, आणि मी उगाच स्पीकरला दोष देत बसलो. खरी गोची दरवाज्यात होती, आतल्या पत्र्याला मोठमोठी भोकं असतात त्यातून वूफरच्या मागची हवा पुढे येते आणि पुढचा आवाज खाऊन टाकते. भोकं बंद केली, पत्र्याची थरथर कमी करणारी डॅम्पिंग शीट चिकटवली, स्पीकरखाली घट्ट रिंग दिली आणि तेच स्पीकर एकदम भरदार वाजायला लागले!

ट्वीटर डॅशच्या कोपऱ्यात किंवा काचेजवळच्या खांबावर लावा, मग गाणारा समोर उभा असल्यासारखा वाटतो. वायरचे प्लस मायनस मात्र दोनदा तपासा, एका बाजूचं उलटं झालं तर बास पातळ होतो. आणि कंपनीच्या स्टीरिओवर चालवणार असाल तर बॉक्सवरचे पीक वॉट (क्षणभर झेपणारी कमाल ताकद) बघूच नका, आरएमएस (सतत झेपणारे वॉट) आणि सेन्सिटिव्हिटी (तेवढ्याच वॉटमध्ये किती मोठा आवाज येतो ते) बघा, असा स्टीरिओ दर चॅनेलला जेमतेम १५-२० वॉट देतो. हाय पास (ठरावीक पातळीखालचा जाड आवाज अडवणारा फिल्टर) ८० हर्ट्झच्या आसपास ठेवा, छोट्या वूफरचा आवाज फाटत नाही.