जग कुणाच्या डोक्यावर असतो?

गेल्या आठवड्यात आमच्या गल्लीच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरत आला. सारांश असा: तृतीयपंथी हे पाश्चात्त्यांचं खूळ, आपल्या संस्कृतीत असलं काही नव्हतंच, 2014 च्या कोर्टाच्या निकालानं यांचे लाड सुरू झाले, आणि टाळी वाजवण्यापलीकडं या लोकांनी जगाला दिलं तरी काय? खाली सतरा अंगठे. त्यातले निम्मे दर मार्गशीर्षात सौंदत्तीला यल्लम्माच्या, म्हणजे रेणुकेच्या, यात्रेला जाणारे!

‘आपल्याकडं नव्हतंच’ हे कोल्हापुरात बसून लिहायला धाडस लागतं. सौंदत्तीहून परतल्यावर ओढ्यावरच्या रेणुकेला आंबील यात्रा भरते, घुगऱ्या-भाकरीचा नैवेद्य होतो. तिथं यल्लम्माचा जग, म्हणजे देवीचा मुखवटा बसवलेली टोपली, डोक्यावर घेतलेले, देवीला सोडलेले, लुगडं नेसलेले जोगते कुणी पाहिले नाहीत? आमच्या दारातही एक जोगता यायचा. चौंडक्याचा आवाज बोळाच्या तोंडाशी आला की आई सुपात जोंधळे घेऊन उंबऱ्यात उभी. परडीत जोंधळे पडले की माझ्या कपाळाला भंडारा लागायचा आणि आई वाकून पाया पडायची. मी ‘यायचा’ लिहिलं खरं, पण आई त्यांना मावशी म्हणायची.

आता एक मान्य करतो. प्रत्येक जोगता स्वतःला आजच्या अर्थानं ट्रान्सजेंडर म्हणवून घेईलच असं नाही, आणि देवीला सोडण्याच्या प्रथेत जुलूमही झाला. बृहन्नडेचा दाखलाही मी देत नाही. ते अज्ञातवासातलं सोंग. पण कामसूत्रात ‘तृतीया प्रकृती’ आहे, ती काही लंडनहून आलेली नाही.

लंडनच्या राज्यात आला तो 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा. त्याच्या दुसऱ्या भागात हिजड्यांची नोंदवही ठेवायची तरतूद होती. उत्तरेतल्या इंग्रजी मुलखात नोंद झालेला कुणी बायकी कपड्यांत चारचौघांत दिसला, नाचला, तर दोन वर्षांपर्यंत कैद.

2014 च्या ‘लाडां’बद्दल फार लिहीत नाही. हेही नागरिक आहेत, आपली ओळख सांगण्याचा हक्क त्यांनाही आहे, असं सुप्रीम कोर्टानं सांगितलं. याला लाड म्हणत असाल तर आपले तर जन्मापासून चाललेत.

राहिलं ‘दिलं काय’. मंजम्मा जोगती या तृतीयपंथी, यल्लम्माच्याच जोगती. जोगती नृत्य त्यांनी रंगमंचावर नेलं, कर्नाटक जानपद अकादमीच्या अध्यक्ष झाल्या. 2021 मध्ये पद्मश्री घेताना त्यांनी पदरानं राष्ट्रपतींची दृष्ट काढली, तो व्हिडिओ याच ग्रुपवर कौतुकानं फिरला होता. माळशिरस तालुक्यातल्या तरंगफळनं 2017 मध्ये तृतीयपंथी सरपंच निवडून दिला.

आणि टाळी सोडून दुसरं काम करायला गेलं की काय होतं, तेही बघा. लिन कॉनवे अमेरिकेत आयबीएममध्ये संगणकावर संशोधन करत होत्या. आपण स्त्री आहोत, तसंच जगणार, हे कळवल्यावर 1968 मध्ये कंपनीनं त्यांना काढून टाकलं. नवं नाव घेऊन, मागचं सगळं लपवून, त्यांनी खालच्या पायरीपासून पुन्हा सुरुवात केली. पुढं कार्व्हर मीड यांच्यासोबत त्यांनी चिपच्या आराखड्याचे नियम इतके सोपे केले की कॉलेजातली पोरंही चिप आखू लागली. 1980 मध्ये दोघांचं पाठ्यपुस्तक आलं. आयबीएमनं माफी मागितली 2020 मध्ये, 52 वर्षांनी. तोवर ते पुस्तक वाचून चिप बनवायला शिकलेली पहिली पिढी निवृत्तीला आली होती.